पायातल्या रक्ताच्या गुठळीवर तातडीचे उपचार : चार तारे

माझ्या धाकट्या भावाचा डावा पाय मांडीपासून खाली टम्म सुजून निळाजांभळा पडला होता. हात लागला तरी कळवळायचा. तातडीच्या विभागातल्या डॉक्टरबाईंनी आधी पावलांची नाडी पाहिली. पूर्वी मेंदूत रक्तस्राव, पोटात अल्सर, नुकतंच ऑपरेशन असं काही झालंय का, हे विचारलं, वजन घेतलं आणि हेपॅरिन हे रक्त गोठू न देणारं औषध सुरू केलं. डॉपलरचा, म्हणजे शिरांतला रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीचा, रिपोर्ट यायची वाट पाहिली नाही! शिरांतून रक्त वर जाणंच थांबलं की सूज इतकी वाढते की पायाचा रक्तपुरवठाही तुटतो आणि पाय गमवायची वेळ येते. गुठळीचा तुकडा फुप्फुसात गेला तर जिवावरच बेततं. म्हणून त्यांच्या त्या घाईचे मी जन्मभर आभार मानीन.

डॉपलरमध्ये गुठळी थेट ओटीपोटातल्या शिरेपर्यंत दिसली. व्हॅस्क्युलर सर्जननी, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या सर्जननी, कागदावर चित्र काढून समजावलं. हेपॅरिन गुठळी वाढू देत नाही, पण आहे ती विरघळवत नाही. त्यामुळे एवढ्या मोठ्या गुठळीत नळी घालून औषध सोडावं लागेल आणि जमेल तेवढी ओढून काढावी लागेल. रक्तस्रावाचा धोकाही त्यांनी स्वतःहून सांगितला, मगच सही घेतली. भावाला पालथं झोपवून गुडघ्यामागच्या शिरेतून नळी घातली. डावाच पाय का, हेही तिथेच कळलं: उजव्या पायाकडे जाणारी धमनी डाव्या शिरेवरून जाते आणि तिच्या दाबाने शीर चेपली होती. तिथे स्टेंट बसवला. आयसीयूतल्या सिस्टर रात्रभर नळीची जागा, लघवीचा रंग, तो नीट बोलतोय ना, हे पुन्हा पुन्हा पाहत होत्या. त्यांच्याइतकं मन लावून काम करणारी माणसं मी क्वचितच पाहिली आहेत.

एक तारा कापला तो डिस्चार्जसाठी. रिव्हरॉक्साबॅन ही रक्त गोठू न देणारी गोळी पहिले 21 दिवस 15 मिलिग्रॅम दोनदा, नंतर 20 मिलिग्रॅम एकदा, आणि जेवणासोबतच घ्यायची. आमच्या कागदावर डोस बदलायची तारीख नव्हती, जेवणाचा उल्लेखही नव्हता. मी खोदून विचारलं तेव्हा सिस्टरनी पेनाने लिहून दिलं. इतके चांगले उपचार करणाऱ्या विभागाने हे छापूनच द्यायला हवं. गोळ्या किमान तीन महिने चालतात आणि घरी त्या द्यायच्या असतात आम्हालाच.