कार्डियाक रिहॅबचं ३६ सत्रांचं पॅकेज: पैसे कशाचे मोजायचे?

अँजिओप्लास्टी किंवा बायपास झालेल्या पेशंटच्या डिस्चार्ज कार्डावर औषधांच्या यादीखाली कधीकधी एक ओळ असते: ‘कार्डियाक रिहॅबसाठी भेटावे’, म्हणजे हृदयाच्या उपचारानंतर देखरेखीखाली करायच्या व्यायामासाठी. बऱ्याच घरांत ती वाचलीच जात नाही. जिथे वाचली जाते तिथे समोर पॅकेज येतं. आठवड्यातून ३ वेळा, १२ आठवडे, एकूण ३६ सत्रं. मग घरात चर्चा सुरू होते की एवढे पैसे भरण्यापेक्षा सकाळी बागेत चार फेऱ्या मारल्या तर काय बिघडलं?

आमचं मत आधीच सांगतो. रिहॅब घ्यावं, पण ३६ सत्रं सगळ्यांना लागत नाहीत, आणि हॉलमधल्या मशीन बघून तर पॅकेज मुळीच घेऊ नये. ट्रेडमिल सोसायटीच्या जिममध्येही असते. इथे पैसे मोजायचे ते तुमच्या हृदयाला किती झेपतं याचं नेमकं माप काढून देण्याचे, आणि ते माप तुमचं तुम्हाला ओळखता यावं म्हणून शिकवण्याचे.

३६ हा आकडा काही औषधाच्या डोससारखा ठरलेला नाही. अमेरिकेत मेडिकेअर ही सरकारी विमायोजना ३६ सत्रांचे पैसे देते, तिथून तो जगभर पसरला. ब्रिटनमध्ये यापेक्षा लहान कार्यक्रमांवर काम भागवतात. व्यायामाचा फायदा मात्र वादातीत आहे. अनेक चाचण्यांचे निकाल एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२१ च्या आढाव्यात ८५ चाचण्या आणि २३ हजारांहून जास्त रुग्ण होते. व्यायाम करणाऱ्यांत पुन्हा हार्ट अटॅक येण्याचं आणि पुन्हा ॲडमिट होण्याचं प्रमाण कमी आढळलं.

केंद्राची पारख पहिल्याच दिवशी होते. आल्याआल्या ट्रेडमिलवर चढवलं तर परत फिरा. पहिला दिवस मोजण्याचा. फाईल वाचून स्टेंट कुठे बसवला, टूडी एकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) पंपिंग किती टक्के, कोणत्या गोळ्या चालू आहेत, बायपासची शीर पायातून घेतली की हातातून, गुडघे कसे आहेत, हे सगळं लिहून घेतलं पाहिजे. त्यानंतर स्ट्रेस टेस्ट (ईसीजी लावून ट्रेडमिलवर चालवणं), किंवा निदान ६ मिनिटं चालण्याची चाचणी. ही चाचणी दिसायला पोरखेळ वाटते, पण तिचे नियम कडक आहेत. सपाट कॉरिडॉर ३० मीटरचा हवा. १० मीटरच्या बोळात घेतली तर वळण्यातच वेळ जातो आणि अंतर खोटं कमी येतं. बरोबर चालणाऱ्याने पेशंटच्या पुढे चालून वेग ठरवायचा नसतो, ‘चला काका, अजून जोरात’ असं ओरडायचंही नसतं. पहिल्या खेपेला लोक बिचकत चालतात, दुसऱ्या खेपेला सवयीनेच थोडं जास्त चालतात. म्हणून सुरुवातीलाच थोड्या विश्रांतीने दोनदा घ्यावी आणि मोठा आकडा धरावा. तसं केलं नाही तर तीन महिन्यांनी रिपोर्टवर दिसणारी ‘सुधारणा’ निव्वळ सवयीची असू शकते. २५-३० मीटरच्या आतली वाढ आम्ही तरी हिशेबात धरणार नाही.

आता नाडीचा हिशेब. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. जिमच्या भिंतीवर एक तक्ता असतो: २२० वजा वय, त्याच्या ७० ते ८५ टक्के. हृदयाच्या बहुतेक पेशंटना मेटोप्रोलोलसारखं बीटा ब्लॉकर चालू असतं. ते नाडीला वर चढू देत नाही, म्हणून तो तक्ता त्यांच्या कामाचा नाही. ५८ वर्षांचे एक गृहस्थ धरा. तक्त्याप्रमाणे त्यांची नाडी ११३ ते १३८ मध्ये जायला हवी. पण गोळी घेऊन केलेल्या स्ट्रेस टेस्टमध्ये ती ११८ च्या वर गेलीच नाही, आणि बसलेली असताना ६२ आहे. दोन्हींतला फरक ५६. त्याचे ४० टक्के ६२ मध्ये मिळवले तर ८४ येतात, ७० टक्के मिळवले तर १०१. त्यांचा पट्टा ८४ ते १०१ एवढाच. आणि ११८ ला टेस्ट का थांबली तेही बघायचं. पाय दुखले म्हणून थांबली असेल तर ठीक. ईसीजीत बदल दिसला किंवा छाती भरून आली म्हणून थांबली असेल तर त्याच्या १० ठोके आधीच, म्हणजे १०८ ला, लक्ष्मणरेषा. आयसीडी, म्हणजे ठोके बिघडले की आतून शॉक देणारं यंत्र, छातीत बसवलेल्यांनी त्या मशीनचं कार्ड बरोबर न्यावं. ज्या गतीला ते शॉक द्यायला सज्ज होतं तिच्यापेक्षा व्यायामातली नाडी १० ते २० ठोके खाली राहायला हवी. ज्यांना एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाच्या वरच्या कप्प्यांचे बेताल ठोके) आहे त्यांच्या अनियमित नाडीवर असले हिशेब चालतच नाहीत.

तिथे कामाला येतं बोर्गचं माप. गुन्नार बोर्ग या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने श्रम किती वाटतात ते सांगण्यासाठी ६ ते २० अशी पट्टी तयार केली: ११ म्हणजे हलकं, १३ म्हणजे थोडं जड, १५ म्हणजे जड. रिहॅबमध्ये बहुतेकांना ११ ते १३ मध्ये ठेवतात. हा तक्ता मराठीत आणि मोठ्या अक्षरात समोर लावलेला आहे का ते बघा. तो नसला की फिजिओ विचारतो, ‘बरंय ना आजोबा?’ आणि आजोबा धापा टाकत म्हणतात, ‘एकदम मस्त!’ आपल्याकडे डॉक्टरांसमोर तक्रार न करणं हा शिष्टाचार समजतात. आकडा विचारला की तो आड येत नाही. सोपी खूण हवी असेल तर चालताना दोन वाक्यं सलग बोलता यायला हवीत.

चांगलं सत्र साधारण तासाभराचं असतं. आधी वजन, बीपी, नाडी, मधुमेह असेल तर साखर. बीपी १८०/११० च्या वर असेल तर त्या दिवशी व्यायाम नाही. पंपिंग कमी असलेल्याचं वजन ३ दिवसांत २ किलो वाढलं असेल तर अंगात पाणी साठतंय, त्याला आधी डॉक्टरांकडे पाठवायचं. मग १० ते १५ मिनिटं वॉर्मअप, २० ते ३० मिनिटं मुख्य व्यायाम, १० मिनिटं कूलडाऊन, आणि शेवटी १०-१५ मिनिटं खुर्चीत बसवून ठेवणं. शेवटचे दोन भाग लोकांना फुकटचे वाटतात, गर्दीच्या वेळी केंद्रंही तिथेच कात्री लावतात. धोका मात्र तिथेच आहे. चालताना पोटऱ्या रक्त वर ढकलत असतात. एकदम थांबलं की रक्त पायातच साचतं, त्यात नायट्रेट (छातीत दुखण्यावरच्या) किंवा बीपीच्या गोळ्यांनी नसा आधीच सैलावलेल्या. बीपी धाडकन खाली येतं आणि माणूस कपडे बदलताना चक्कर येऊन पडतो. कूलडाऊन नीट करून घेत नसतील त्या केंद्राला, बाकी सगळे गुण असले तरी, आम्ही माफ करणार नाही.

ट्रेडमिलची सुरुवात चढ शून्य, वेग ताशी २.५ ते ३ किलोमीटर. आधी मिनिटं वाढवायची, मग वेग, शेवटी चढ. एका वेळी एकच. दांडी घट्ट धरून चालू नये. बराच भार हातांवर येतो, पडद्यावरचा आकडा फुगतो आणि बीपीही चढतं. मनगटी घड्याळाची नाडीही अशा वेळी फसवते. छातीचा पट्टा किंवा ईसीजीच्या लीड्स जास्त भरवशाच्या. पायातून शीर काढली असेल तर त्या पायाची सूज आणि टाके बघूनच सायकलवर बसवायचं.

ताकदीचे व्यायाम हवेतच, नुसतं चालून जिने चढायची ताकद येत नाही. पण ते नंतर येतात. अँजिओप्लास्टीनंतर सुमारे ३ आठवड्यांनी, बायपास किंवा अटॅकनंतर ५ आठवड्यांनी, तेही काही आठवडे देखरेखीखाली चालून झाल्यावर. १० ते १५ वेळा सहज उचलेल एवढंच वजन, आणि उचलताना श्वास सोडायचा. श्वास कोंडून जोर लावला की बीपी उसळतं. बायपासमध्ये कापलेलं छातीचं हाड जुळायला ८ ते १२ आठवडे लागतात, तोवर हात आणि खांद्यांवर जोर नको. अनेक केंद्रांत याचं इंग्रजीतून आणलेलं पत्रक देतात: ५ किलोपेक्षा जास्त उचलू नका, ढकलू नका, ओढू नका. आपल्या घरात याचा अर्थ काय, ते कुणी फोडून सांगत नाही. पाण्याने भरलेली बादली १० किलोच्या पुढे जाते. भरलेला सिलिंडर ३० किलोच्या आसपास असतो. स्कूटर डबल स्टँडवर चढवणं म्हणजे छातीच्या हाडाला दिलेला सरळ हिसका. सतरंजीवरून हात टेकून उठणंही त्यातच आलं. हे समजावून सांगणारा, आणि कुशीवर वळून पायांच्या जोरावर कसं उठायचं ते करून घेणारा फिजिओ भेटला तर केंद्र सोडू नका.

पेशंटकडून होणाऱ्या चुकांत पहिली म्हणजे ‘टेस्ट’ समजून उपाशीपोटी, गोळ्या न घेता येणं. गोळ्या वेळेवर घ्यायच्या आणि खाऊन दीड-दोन तासांनी यायचं. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड चालू असेल आणि साखर १०० च्या खाली असेल तर आधी काहीतरी खायचं. खिशात साखर किंवा ग्लुकोज, आणि डॉक्टरांनी दिली असेल तर सॉर्बिट्रेट ही नायट्रेटची गोळी. छातीत दुखलं की थांबा, बसा, गोळी जिभेखाली. ५ मिनिटांत उतरलं नाही तर १०८ ला फोन. शक्तिवर्धक म्हणून सिल्डेनाफिल घेणाऱ्यांनी लाज सोडून आधीच सांगावं, त्यावर सॉर्बिट्रेट घेतली तर बीपी जीवघेणं घसरतं.

सुरक्षेबद्दल दोन प्रश्न बेधडक विचारा: डिफिब्रिलेटर (बंद पडलेल्या हृदयाला शॉक देणारं यंत्र) कुठे आहे, आणि त्याचे पॅड कधी एक्स्पायर होतात? उत्तर लगेच मिळालं पाहिजे. एका फिजिओकडे एका वेळी ५ पेक्षा जास्त पेशंट नसावेत. घाबरून जाण्याचं मात्र कारण नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २००७ मध्ये दिलेल्या आकड्यांनुसार देखरेखीखालच्या रिहॅबमध्ये सुमारे १ लाख १७ हजार रुग्ण-तासांमागे एकदा हृदय बंद पडण्याची घटना घडते.

पॅकेजमधला आहारसल्ला बहुधा एक झेरॉक्स आणि ‘तेल-मीठ कमी करा’. त्याचे वेगळे पैसे देऊ नका.

योगाचं काय? भारतातल्या २४ रुग्णालयांत हार्ट अटॅकच्या ३,९५९ पेशंटवर झालेल्या ‘योग-केअर’ चाचणीचे निष्कर्ष २०२० मध्ये आले. १२ आठवड्यांत १३ सत्रांचा हा कार्यक्रम होता. प्रकृती बरी वाटणं आणि आधीच्या कामांकडे परतणं यात योगवाले पुढे होते. मृत्यू किंवा पुन्हा अटॅक यांत मात्र ठामपणे सांगावा असा फरक निघाला नाही. जवळ केंद्र नसेल तिथे हा चांगला मार्ग आहे. सुरुवातीला कुंभक, कपालभाती आणि डोकं खाली जाणारी आसनं टाळावीत.

आणखी एका गोष्टीपासून सावध राहा. ‘बिनऑपरेशनची बायपास’ म्हणून ईईसीपीची जाहिरात दिसते. तिचंही सत्र तासाभराचं, सत्रंही ३५, म्हणून लोकांची गल्लत होते. त्यात माणूस पलंगावर पडून असतो आणि पोटऱ्या-मांड्यांना बांधलेले पट्टे हृदयाच्या तालावर फुगतात. औषधांनी न आटोपणाऱ्या अंजायनासाठी (हृदयाला रक्त कमी पडल्याने छातीत दुखणं) तिचा उपयोग आहे. पण तो व्यायाम नाही, आणि रिहॅबच्या जागी ती विकत असतील तर घेऊ नका.

मग किती सत्रं घ्यायची? पंपिंग ४० च्या खाली, आयसीडी, ठोक्यांचा बिघाड, थोडं चाललं तरी छातीत दुखणं, यांतलं काही असेल तर पूर्ण ३६, केंद्रातच. बाकीच्यांनी १० ते १२ सत्रं केंद्रात घ्यावीत, मग घरी चालणं आणि महिन्यातून एकदा तपासणी. घरचा आणि केंद्रातला कार्यक्रम कमी धोक्याच्या पेशंटमध्ये जवळपास सारखाच गुण देतो, असं चाचण्यांत दिसलं आहे. सोयीची वेळ न मिळणाऱ्या बायकांना तर हाच पर्याय जमतो. केंद्रं सकाळी ८ ते ११ चालतात, त्या वेळी घरात डबे असतात. ‘घरकामातच व्यायाम होतो’ हे मात्र ऐकून घेऊ नये. दोन मिनिटं ओट्याशी, चार मिनिटं बसून, अशा तुटक कामाने सलग २० मिनिटांचा परिणाम होत नाही. १२ व्या सत्रालाही पेशंट मॉनिटरकडे बघितल्याशिवाय आपला बोर्ग आकडा सांगू शकत नसेल, तर उरलेल्या २४ चे पैसे भरण्याआधी केंद्राला जाब विचारा.

हे बिल बहुधा ओपीडीचं धरतात, म्हणून मेडिक्लेम हात वर करतो. तरी अनेक पॉलिसींत डिस्चार्जनंतरच्या ६० किंवा ९० दिवसांच्या खर्चाचं कलम असतं. कार्डिओलॉजिस्टची लेखी चिठ्ठी, सत्रांच्या तारखा असलेलं बिल आणि पावत्या जपून ठेवा, आणि पॅकेज घेण्याआधीच टीपीएला (विमा कंपनीतर्फे क्लेम बघणाऱ्या संस्थेला) लेखी विचारा. एकरकमी भरण्यापेक्षा १२-१२ च्या हप्त्यात पैसे घेणारं केंद्र निवडलं तर मधेच सोडावं लागलं तरी परताव्यासाठी खेटे घालावे लागत नाहीत.