सीए इंटर: पुण्याचा क्लास की बेळगावात राहून अभ्यास?

सीए इंटर, म्हणजे चार्टर्ड अकाउंटंट होण्याच्या वाटेवरची मधली परीक्षा, म्हटलं की खानापूर, निपाणीकडच्या घरांत फीचा आकडा आधी विचारला जातो. पण पुण्याच्या क्लासची फी हा खर्चाचा एक भागच. कॉट बेसिसची खोली, डिपॉझिट, मेस, सणावाराला गावी येणं-जाणं, हे सगळं महिन्यामागून महिना चालूच राहतं. एखादा ग्रुप (तीन पेपरचा गट) पास व्हायचा राहिला तर मुक्काम लांबतो आणि खर्चही. त्याबदल्यात शिस्त मिळते, समोर बसून शंका विचारता येतात. ज्याला घरात अभ्यासाला जागाच नाही, त्याच्यासाठी हा खर्च मी वायफळ म्हणणार नाही.

रेकॉर्डेड लेक्चर घेतली तर राहणं-जेवण वाचतं. मात्र पैसे भरण्याआधी वैधता किती महिन्यांची आणि लेक्चर किती वेळा पाहता येईल, हे बघाच. 2024 पासून इंटरची परीक्षा वर्षातून तीनदा होते. पहिल्या प्रयत्नाआधीच मुदत संपणारा कोर्स स्वस्त नसतो. करांच्या पेपरसाठी कुणाची जुनी लेक्चर घेऊ नका. नवा आयकर कायदा 1 एप्रिल 2026 पासून लागू आहे.

परीक्षा घेणाऱ्या आयसीएआय या संस्थेचं अभ्याससाहित्य, आरटीपी (उजळणीचे सराव पेपर) आणि मॉक टेस्ट पेपर वेबसाइटवर फुकट आहेत. संस्थेची शाखा बेळगावातही आहे. माझं मत स्पष्ट आहे: सहाही पेपरचा क्लास लावू नका. जड जाणाऱ्या दोन-तीन विषयांचीच लेक्चर विकत घ्या आणि उरलेल्या पैशांतून उत्तरपत्रिका तपासून देणारी टेस्ट सिरीज लावा.