श्रीलंका की व्हिएतनाम? सॅक पाठीला लावून दोघांनी निघायचं असेल तर

मित्राबरोबर किंवा मैत्रिणीबरोबर पहिल्यांदाच परदेशात सॅक घेऊन फिरायचं ठरलं की हल्ली बोलणं बहुतेक वेळा दोन नावांवर येऊन थांबतं. दोन्हीकडे दमट उकाडा, समुद्र, डोंगर, परवडणाऱ्या खोल्या. दोन्हीकडे मी असंच फिरलो आहे आणि माझं मत ठाम आहे. आधी सोबत कोण आहे ते बघा, देश त्यावरून ठरवा.

याचं कारण नकाशात आहे. श्रीलंका ६५,६१० चौरस किलोमीटरची, म्हणजे महाराष्ट्राच्या साधारण एक पंचमांश. कोलंबोहून निघून सिगिरिया, कँडी, एल्ला, मिरिस्सा, गॉल करत पुन्हा कोलंबोला, असा गोल फेरा आठ-दहा दिवसांत निवांत होतो. व्हिएतनाम म्हणजे लांबच लांब पट्टी. हनोई ते हो ची मिन्ह सिटी रेल्वेमार्ग १,७२६ किलोमीटरचा आहे आणि गाडीला तीस तासांहून जास्त लागतात. दोन आठवडे हातात नसतील तर व्हिएतनामचा उत्तर किंवा मध्य असा एकच तुकडा निवडावा. सगळा देश आठ दिवसांत उरकू पाहणाऱ्या जोड्या रात्री बसमध्ये आणि दिवस झोपेत घालवतात.

पण या पट्टीचा एक मोठा फायदा आहे, आणि दोघांनी फिरताना तो फार मोलाचा ठरतो. सगळे जण त्याच मार्गानं वर किंवा खाली जात असतात. त्यामुळे दोघांचं एखाद्या गावावरून जमलं नाही तर एकानं होई आनला थांबावं, दुसऱ्यानं ह्वेला पुढे जावं आणि दोन दिवसांनी निन्ह बिन्हला भेटावं, हे सहज जमतं. हॉस्टेलात खाट माणशी मिळते, बसची जागाही माणशी, त्यामुळे वेगळं झाल्यानं खर्च फारसा वाढत नाही. श्रीलंकेत गणित उलटं. तिथे गेस्ट हाउसमध्ये भाडं खोलीचं असतं, टुकटुक गाडीमागे ठरते, ‘याला’ नावाच्या अभयारण्यात प्राणी बघायला जीप अख्खी घ्यावी लागते. दोघं एकत्र राहिलात तर सगळं निम्म्यात, वेगळे झालात तर दुप्पट. जीपसाठी तर आदल्या संध्याकाळी गेस्ट हाउसच्या मालकांना विचारून आणखी दोघं गाठावेत.

म्हणून दिवसभर एकमेकांच्या सोबत राहणं ज्यांना आवडतं त्यांनी श्रीलंका घ्यावी. ज्यांच्यातल्या एकाला पहाटे पाचला उठायचं असतं आणि दुसऱ्याला दहाला, त्यांना व्हिएतनाम जास्त मानवेल.

भाषेचा ताण मात्र व्हिएतनाममध्ये खरा आहे. हनोईच्या जुन्या भागात इंग्रजी चालतं, पण आडगावच्या बस स्टँडवर फोनवरचं भाषांतराचं ॲप हाच आधार. प्रत्येक तिकीट, प्रत्येक जेवण, प्रत्येक पत्ता दोघांपैकी कुणीतरी निस्तरायचा असतो. हे काम कायम एकाच्याच गळ्यात पडलं की चौथ्या-पाचव्या दिवशी खटके उडतात. त्यामुळे आज तू, उद्या मी, अशी पाळी पहिल्याच दिवशी लावून घ्या. श्रीलंकेत हा प्रश्न जवळपास येत नाही. पर्यटकांच्या वाटेवर इंग्रजी पुरतं. लाल सरकारी बस बघितली की आपली एसटीच आठवते. कंडक्टर तुमचं गाव लक्षात ठेवून हाक मारतो आणि सॅक ड्रायव्हरशेजारी ठेवायला लावतो.

प्रवासाचं सुख कुठे जास्त, हे सांगताना मी श्रीलंकेच्या बाजूनं झुकतो. कँडी ते एल्ला रेल्वे सहा-सात तासांची. चहाचे मळे, बोगदे, ढग, आणि दरवाज्यात बसलेली माणसं. आरक्षण लवकर संपतं, पण आरक्षण नसलेल्या डब्यातही जागा मिळू शकते, फक्त लवकर जावं लागतं. डोंगरात दरडी कोसळल्या की हा मार्ग बंद पडतो, म्हणून निघण्याआधी गाड्या चालू आहेत ना, हे बघून घ्या. एल्लाला गर्दी फार झाली आहे. शांतता हवी असेल तर अलीकडे हापुतलेला उतरा. व्हिएतनाममध्ये याच्या तोडीचा तुकडा ह्वे ते दा नांग, जिथे गाडी हाय वान घाटाच्या पायथ्यानं समुद्राला खेटून जाते. बाकी बहुतेक प्रवास रात्रीच्या स्लीपर बसनं होतो. दारात ड्रायव्हर प्लास्टिकची पिशवी देतो, त्यात बूट घालून अनवाणी आत शिरायचं. अरुंद बर्थांच्या तीन रांगा, वर-खाली दोन मजले, आणि पाय पुढच्याच्या पाठीखालच्या खोक्यात सरकवायचे. तुमचा सोबती उंच असेल तर त्याच्यासाठी रेल्वेचाच बर्थ काढा.

खाण्याचं सांगायचं तर शाकाहारी जोडीला दोन्हीकडे जगता येतं, पण सावध राहून. व्हिएतनामी स्वयंपाकात माशांचं आंबवलेलं पाणी, नुओक माम, जवळपास सगळीकडे असतं. पाटीवर ‘CHAY’ लिहिलेली जागा शोधा, तिथे अस्सल शाकाहारी मिळतं. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी बरेच लोक मांस टाळतात, त्यामुळे त्या दिवशी अशा जागा गजबजलेल्या असतात. श्रीलंकेत भात, परिप्पू म्हणजे डाळ, दोन-तीन भाज्या आणि नारळाचा पोल सांबोल हे ताट आपल्याला घरचंच वाटतं. सांबोलमध्ये सुकवलेला मासा, उंबलकड, घालतात. तो नको असं आधी सांगावं. तमिळ शाकाहारी खानावळी मिळाल्या तर चिंताच नाही.

पैशांच्या बाबतीत श्रीलंकेत पर्यटनस्थळांची तिकिटं महाग आहेत. सिगिरियाच्या प्राचीन खडककिल्ल्यावर पासपोर्ट दाखवला की सार्क देशांच्या नागरिकांना सवलत मिळते, तेव्हा पासपोर्ट खोलीवर ठेवू नका. शेजारच्या पिदुरंगलाच्या खडकावर तिकीट अगदी थोडं आहे आणि तिथून सिगिरिया समोर दिसतो. फेब्रुवारी २०२४ पासून यूपीआयही सुरू आहे, पण लहान गावांत रोख लागते. व्हिएतनाममध्ये रोजचं खाणं आणि झोपणं स्वस्त, मात्र विमानभाडं जास्त. मुंबईहून कोलंबो अडीच तासांच्या आसपास, हो ची मिन्ह सिटी त्याच्या दुप्पट. व्हिएतनामचा ई-व्हिसा नव्वद दिवसांपर्यंत मिळतो, एकदाच प्रवेशासाठी २५ डॉलर.

मोटरसायकलविषयी जरा थांबून सांगतो, कारण हा प्रश्न जिवाशी आहे. उत्तर व्हिएतनाममधल्या ‘हा जियांग’ या डोंगराळ भागातला घाट बघून दोघांनाही भाड्याची गाडी घ्यावीशी वाटते. आपल्याकडे मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना रस्ते वाहतुकीच्या १९४९ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार असतो आणि व्हिएतनाम १९६८ चा करार मानतो. म्हणजे तिथे तुम्ही कायद्यानं विनापरवाना, आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. स्थानिक चालकाच्या मागे बसून जा. दृश्य तेच दिसतं, उलट जास्तच दिसतं.

शेवटी तारखा, कारण सुट्टी आपल्या हातात नसते. दिवाळीची सुट्टी असेल तर उत्तर व्हिएतनाम. हवा कोरडी, भातकापणी झालेली, निन्ह बिन्हच्या ताम कोकमध्ये पायांनी वल्ही मारणाऱ्या बायकांच्या होड्या. मात्र त्याच दिवसांत होई आनला पूर येतात, तो भाग वगळा. श्रीलंकेत तेव्हा जवळपास सगळीकडे पाऊस असतो. मे महिन्यात जाणार असाल तर श्रीलंकेचा पूर्व किनारा, त्रिंकोमाली आणि अरुगम बे. गॉल-मिरिस्साला तेव्हा मान्सून पोहोचतो. डिसेंबर-जानेवारीत श्रीलंकेचा दक्षिण किनारा उत्तम. जानेवारी-फेब्रुवारीत व्हिएतनाम ठरवत असाल तर आधी तेत, म्हणजे तिथलं चांद्र नववर्ष, कधी आहे ते बघा. २०२७ मध्ये ते ६ फेब्रुवारीला आहे. त्या आठवड्यात माणसं गावी जातात, बरीच दुकानं-खानावळी बंद असतात आणि रेल्वे-बसची तिकिटं मिळत नाहीत.