प्ले कन्सोल, आठ महिन्यांनंतर: बाकी झकास, अपील नापास

प्ले कन्सोल म्हणजे गूगल प्ले स्टोअरवर अ‍ॅप टाकायची आणि सांभाळायची गूगलची साइट. बंडल (अ‍ॅपची फाइल) चढवणं, टप्प्याटप्प्यानं रोलआउट, क्रॅशचे अहवाल यांत प्ले कन्सोलला नावं ठेवायला फारशी जागा नाही. खरा कस लागतो तो पॉलिसीची, म्हणजे नियम मोडल्याची मेल आल्यावर.

मेलमधला शब्द आधी नीट वाचा. 'रिजेक्ट' म्हणजे नवं अपडेट अडलं, स्टोअरवरची जुनी आवृत्ती शाबूत. 'रिमूव्ह' म्हणजे अ‍ॅप उतरवलं, पण दुरुस्त करून परत पाठवता येतं. 'सस्पेंड' झालं तर रेटिंग, रिव्ह्यू, इन्स्टॉल सगळं जातं, खात्यावर स्ट्राइक (नियमभंगाची नोंद) बसतो आणि ते पॅकेज नेमही (अ‍ॅपची स्टोअरवरची ओळख) कायमचं बाद. घाबरून तेच अ‍ॅप दुसऱ्या नावानं टाकू नका, त्यानं खातंच जाऊ शकतं.

बऱ्याचदा घोळ तुमच्या कोडात नसतोच. जाहिरातीच्या एखाद्या एसडीकेनं (बाहेरून जोडलेल्या तयार कोडानं) गुपचूप एक परवानगी आणलेली असते. अँड्रॉइड स्टुडिओत मॅनिफेस्ट (परवानग्यांची यादी असलेली फाइल) उघडून खालच्या 'मर्ज्ड मॅनिफेस्ट' टॅबवर जा, कोणती लायब्ररी काय घेऊन आली ते तिथे दिसतं. नको ती परवानगी 'टूल्स:नोड'ला 'रिमूव्ह' देऊन काढा. एवढं करूनही तेच उत्तर आलं तर टेस्टिंग ट्रॅक (चाचणीसाठी सोडलेल्या आवृत्त्या) तपासा. प्रॉडक्शनला, म्हणजे सगळ्यांसाठी, नवं बंडल आणि क्लोज्ड टेस्टिंगमध्ये जुनं अजून जिवंत, इथे भलेभले फसतात.

आपल्याकडची खास अडचण ओटीपीची. लॉगिन फक्त मोबाइल नंबरावर असेल तर गूगलचा तपासणारा दारातच अडकतो. 'अ‍ॅप अ‍ॅक्सेस'मध्ये ठरलेल्या ओटीपीचा चाचणी नंबर द्या, आणि सर्व्हर बदलताना तो बंद पडू देऊ नका. ओटीपी आपोआप भरायला एसएमएस वाचायची परवानगी मागूच नका. ती परवानगी न घेता ओटीपीचा मेसेज मिळवून देणाऱ्या गूगलच्या एसएमएस रिट्रीव्हर एपीआयवर काम भागतं.

अपिलाला, म्हणजे अशा कारवाईविरुद्ध गूगलकडे दाद मागायच्या सोयीला, मात्र पाचपैकी दोनच. मेलमध्ये कलमाचं नाव असतं, नेमकी जागा सापडेलच असं नाही. मे 2020 मध्ये 'पॉडकास्ट अ‍ॅडिक्ट' कोविडविषयक मजकुरावरून सस्पेंड झालं. ते तर दुसऱ्यांचे पॉडकास्ट ऐकवणारं अ‍ॅप! जानेवारी 2021 च्या अखेरीस 'एलिमेंट' हे चॅट अ‍ॅप गेलं, कारण ते ज्या मॅट्रिक्स नेटवर्कवर चालतं त्याच्या सर्व्हरवरचा मजकूर. दोन्ही परत आली. पण ती नावाजलेली अ‍ॅप्स, त्यांच्यासाठी बोंब मारणारे होते. तालुक्यातल्या दूध डेअरीच्या हिशेबाच्या अ‍ॅपसाठी कोण बोलणार? युरोपीय संघात डिजिटल सर्व्हिसेस अ‍ॅक्टप्रमाणे अशा तक्रारीचा निकाल निव्वळ यंत्रावर सोडता येत नाही. माझ्या मते तेवढ्यानंही भागत नाही. माणसानं अ‍ॅप उघडून पाहायचं ते सस्पेंड करण्याआधी.

आता एक सोय, तीही पहिल्याच दिवशी करायची. प्ले अ‍ॅप साइनिंगमध्ये (अ‍ॅपवर डिजिटल सही करायच्या गूगलच्या सोयीत) सहीची की, म्हणजे किल्ली, गूगलला बनवू दिली तर ती बाहेर काढता येत नाही. मग अ‍ॅप उतरवलं गेल्यावर तुम्ही स्वतःच्या साइटवर दिलेलं एपीके (फोनवर थेट इन्स्टॉल होणारी फाइल) जुन्या इन्स्टॉलवर चढत नाही, सही जुळत नाही. वापरणाऱ्याला आधी जुनं काढावं लागतं, आणि त्यासोबत फोनमधला डेटाही जातो. म्हणून अ‍ॅप बनवतानाच स्वतःची की अपलोड करा आणि तिची प्रत दोन ठिकाणी ठेवा. ती संधी हुकली असेल तर प्रत्येक रिलीजनंतर 'अ‍ॅप बंडल एक्सप्लोरर'मधून सही झालेलं युनिव्हर्सल (सगळ्या फोनवर चालणारं) एपीके उतरवून ठेवा. पुढचं अपडेट त्यानं मिळणार नाही, पण नवा फोन घेतलेल्या माणसाला निदान चालू आवृत्ती तरी देता येईल.