कॅम्पातून घेतलेला गॅस मास्क: वस्तू अस्सल, चिठ्ठी चुकीची

बेळगावच्या कॅम्प भागात जुने लष्करी सामान विकणाऱ्या एका दुकानातून मी गेल्या महिन्यात ब्रिटिश सैन्याचा गॅस मास्क ३,२०० रुपयांना विकत घेतला. खानापूर तालुक्यातील आमच्या मराठी शाळेत महायुद्धांचा धडा शिकवताना मुलांना दाखवण्यासाठी मला तो हवा होता.

वस्तू अस्सल आहे आणि त्या किमतीला महाग नाही. खाकी रबराचा मुखवटा, डोळ्यांसमोर दोन गोल काचा, तोंडापासून निघालेली वळ्यावळ्यांची नळी आणि तिच्या टोकाला पत्र्याचा डबा, असा पूर्ण संच कॅनव्हासच्या झोळीसकट मिळाला. झोळीच्या आतल्या बाजूस सरकारी मालाची खूण असलेला बाणाचा ठसा अजून वाचता येतो. हनुवटीपाशी रबराला बारीक भेगा पडल्या आहेत, आणि दुकानदारांनी त्या झाकून न ठेवता आधीच दाखवल्या, हे मला आवडले.

मात्र सोबत बांधलेली ‘पहिले महायुद्ध, ईप्र’ ही चिठ्ठी चुकीची आहे. २२ एप्रिल १९१५ रोजी जर्मनांनी बेल्जियममधील ईप्र या गावाजवळ क्लोरीन हा विषारी वायू सोडला, तेव्हा समोरच्या सैनिकांपाशी मास्क नव्हताच. चारच दिवसांनी आपल्या लाहोर डिव्हिजनचे जवान तिथे चढाई करताना वायूत सापडले आणि ब्रिटिश अधिकारी पडल्यावर जमादार (तेव्हाचा एक भारतीय लष्करी हुद्दा) मीर दस्त यांनी उरलेली माणसे सांभाळली, ज्याबद्दल त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले. त्या दिवसांत ओल्या फडक्यांवरच भागवावे लागत होते. डब्याचा मास्क १९१६ साली आला, पण त्यात नाकाला चिमटा आणि तोंडात धरायची नळी असे. माझ्या मास्कमध्ये या दोन्ही गोष्टी नाहीत, म्हणजे तो दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला आहे. माझे आजोबा मराठा पलटणीत होते. श्वास रोखायचा, आधी हनुवटी आत घालायची आणि मग पट्टे डोक्यावरून मागे ओढायचे, हे त्यांनी शिकवलेले याच घडणीला लागू पडते.

चिठ्ठीवर लिहायलाच हवी होती अशी खरी गोष्ट दुसरीच आहे. जुलै १९१७ मध्ये आलेला मस्टर्ड वायू कातडीही भाजतो, त्यामुळे नुसता मास्क पुरेना, आणि वायू ओळखणारी, जमिनीवर व सामानावर ब्लीचिंग पावडर टाकून ती शुद्ध करणारी प्रशिक्षित पथके सैन्याला उभी करावी लागली. हे ज्ञान मिळवण्याची किंमत आपल्या माणसांनीही मोजली: १९३० च्या दशकापासून रावळपिंडीत झालेल्या ब्रिटिश चाचण्यांत शेकडो भारतीय सैनिकांवर मस्टर्डचा प्रयोग झाला आणि त्यांतल्या काहींना तोंडावर मास्क, पण अंगात फक्त अर्धी चड्डी व सुती सदरा अशा वेशात वायूच्या खोलीत पाठवण्यात आले. वर्गात हे सांगताना मास्क मुलांच्या समोर असला, की त्यातून उघडी राहणारी मान त्यांना आपोआप दिसते.

माझी गंभीर तक्रार एकच आहे. मी दुकानात उभा असताना एक लहान मुलगा दुसरा तसाच मास्क तोंडाला लावून खेळत होता आणि त्याला कोणी अडवले नाही. त्या काळच्या ब्रिटिश डब्यांत वायू शोषणाऱ्या कोळशासोबत धूर अडवण्यासाठी गाळणी असे, आणि अनेक डब्यांतल्या गाळणीत ॲस्बेस्टॉस हे फुफ्फुसांना घातक असलेले तंतुमय खनिज वापरलेले आहे. जुन्या डब्यातून ओढलेल्या श्वासाबरोबर त्याचे तंतू थेट फुफ्फुसात जाऊ शकतात. मी हे सांगितल्यावर दुकानदार म्हणाले, “सर, इतकी वर्षं विकतोय, असं कुणी सांगितलं नव्हतं.” त्यांनी मुलाच्या हातून तो लगेच काढून घेतला.

घ्यायचा असल्यास जरूर घ्या, पण दुकानात किंवा घरी तोंडाला लावू नका आणि डबा उघडू नका. आमच्या शाळेत तो जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून काचेच्या कपाटात ठेवला आहे, आणि चिठ्ठी मी नव्याने लिहिली आहे.