राजारामपुरीतील एक फायबर जोडणी : १४ महिन्यांनंतरचे मत

कोल्हापूरच्या राजारामपुरीत माझे करसल्लागाराचे छोटे कार्यालय आहे आणि त्याच इमारतीत घरही आहे. शाहूपुरीतील गुळाचे अडते आणि उद्यमनगरातील लहान कारखानदार यांची विवरणपत्रे, पॅन क्रमांक, बँकेचे उतारे असे सगळे माझ्या संगणकावरून रोज ये-जा करते. ही कागदपत्रे लोकांनी विश्वासाने माझ्या हाती दिलेली असतात, त्यामुळे ती ज्या तारेतून जातात ती कोणाची आहे आणि तो माणूस कसा वागतो, हे पाहणे मी माझ्या कामाचाच भाग मानतो. येथे ज्या सेवेविषयी लिहितो आहे ती शहरातील चार-पाच भागांपुरती चालणारी एका स्थानिक केबल व्यावसायिकाची फायबर सेवा आहे. बाहेरच्या वाचकाला ती मिळणारच नाही, म्हणून नाव देत नाही. मात्र मी तिला जे प्रश्न विचारले ते कोणत्याही गावात, कोणत्याही कंपनीला विचारता येतील.

आधीची सेवा मी वेगासाठी सोडली नाही, वेग चांगलाच होता. जोडणी घेताना त्यांच्या प्रतिनिधीने माझ्या आधार कार्डाचे छायाचित्र स्वतःच्या मोबाइलमध्ये काढून घेतले आणि दोनच दिवसांत कर्ज व विमा विकणाऱ्यांचे फोन सुरू झाले. या दोन गोष्टींचा संबंध मी सिद्ध करू शकत नाही, पण ते छायाचित्र कोणाकोणाकडे गेले हे मला अखेरपर्यंत कोणी सांगू शकले नाही. पुढे असेही लक्षात आले की संकेतस्थळाचा पत्ता टाइप करताना चूक झाली तर साधी सूचना येण्याऐवजी जाहिरातींचे पान उघडते. माझी चूकही कोणाच्या तरी उत्पन्नाचे साधन व्हावी, हे मला पटले नाही.

नव्या सेवेच्या कार्यालयात गेलो तेव्हा पहिला प्रश्न ओळखपत्राचाच होता. मी आधारची झाकलेल्या क्रमांकाची प्रत नेली होती. तिच्यावर फक्त शेवटचे चार अंक दिसतात आणि ती आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून कोणालाही स्वतःची उतरवून घेता येते. सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ रोजी निकाल दिला आणि खासगी कंपन्यांनी आधारची सक्ती करण्यास मुभा देणारी तरतूद फेटाळली, तरीही बहुतेक काउंटरवर पूर्ण आधारच मागितले जाते. येथे मालकांनी सोबत वाहन परवाना घेतला, झाकलेली प्रत स्वीकारली आणि तिच्यावर ‘फक्त इंटरनेट जोडणीसाठी’ असे लिहून तारीख घालण्याची माझी विनंती मान्य केली. मोबाइलमध्ये छायाचित्र काढले नाही, समोरच स्कॅन करून कागद परत दिला. गंगावेशीत म्हैस डोळ्यांदेखत पिळून दूध देण्याची रीत आपल्या गावाला परिचयाची आहे. व्यवहार समोर झाला की शंकेला जागा उरत नाही, तसेच हे वाटले.

दुसरा प्रश्न अधिक अवघड होता : माझ्या वापराची नोंद तुम्ही ठेवता का? बहुतेक विक्रेते या प्रश्नाला हसून ‘काही ठेवत नाही, सर’ असे उत्तर देतात. ते खरे असू शकत नाही, कारण दूरसंचार विभागाने डिसेंबर २०२१ मध्ये परवान्याच्या अटी बदलून कोणत्या ग्राहकाला केव्हा कोणता आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा ओळख क्रमांक, दिला होता यासारख्या नोंदी किमान दोन वर्षे जपून ठेवणे बंधनकारक केले आहे. या मालकांनी ते सरळ मान्य केले. नोंदी ठेवाव्या लागतात, त्या संगणकाचा पासवर्ड दोघांकडेच आहे आणि पोलिसांकडून रीतसर लेखी मागणी आल्याशिवाय माहिती दिली जात नाही, असे त्यांनी सांगितले. गोड नकारापेक्षा हे उत्तर मला कितीतरी अधिक मोलाचे वाटले. त्यांनी आणखी एक गोष्ट केली जी मी अन्यत्र पाहिलेली नाही : राऊटरचा मुख्य पासवर्ड माझ्यासमोर बदलून माझ्या हाती दिला. त्यामुळे नावांचे पत्ते शोधून देणारा सर्व्हर, म्हणजे डीएनएस, मला हवा तो निवडता आला. सुरक्षित संकेतस्थळावरचा मजकूर सेवा पुरवणाऱ्याला वाचता येत नसला तरी आपण कोणत्या संकेतस्थळावर गेलो हे साधारणपणे त्याला कळते, हे अनेकांना ठाऊक नसते. डीएनएस बदलल्याने ते पूर्ण झाकले जात नाही, पण जाहिरातींच्या पानाचा उपद्रव मात्र थांबतो.

दराविषयी थोडक्यात सांगतो. १०० एमबीपीएससाठी महिना ६०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ७०८ रुपये. छापील बिल दर महिन्याला येते. मोजणीत वेग दिवसा ९० च्या आसपास आणि रात्री नऊनंतर ६५ ते ७० मिळतो. ‘अमर्याद’ असे फलकावर लिहिलेले आहे, पण किती वापरानंतर वेग घटतो हा आकडा अर्जावर बारीक अक्षरात आहे. तो फलकावर यायला हवा, असे मी त्यांना दोनदा सांगितले आहे.

मालकांच्या मुलाने मला चित्रपटांच्या अॅपसह महागडा प्लॅन घेण्याचा आग्रह केला होता. सोबत अॅप देणे आणि अॅप पाहून डेटाचा दर बदलणे, यातला फरक समजून घेणे गरजेचे आहे. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, आशयानुसार डेटाचा वेगवेगळा दर लावण्यास बंदी घातली, तेव्हा निवडक संकेतस्थळे मोफत देणाऱ्या फेसबुकच्या ‘फ्री बेसिक्स’ला भारतात जागा उरली नाही. सोबत एखाद्या अॅपची वर्गणी देणे या बंदीत येत नाही, कारण तेथे डेटाचा दर बदलत नाही. मी तरीही साधा प्लॅनच घेतला. माझ्या घरात काय पाहिले जावे हे तारवाल्याने ठरवू नये, असे मला वाटते. मुलाने ते मनाला लावून घेतले नाही, हे येथे नमूद करतो.

सरकारी मालकीची म्हणून बीएसएनएलचाही मी गांभीर्याने विचार केला होता. वरच्या मजल्यावर भावाकडे तीच जोडणी असल्याने एका घरात दोन वेगळ्या वाटा असाव्यात, एवढ्यासाठी ही दुसरी घेतली. २०१९ आणि २०२१ चा महापूर ज्यांनी पाहिला आहे त्यांना दोन वाटांचे महत्त्व वेगळे सांगायला नको. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली की पहिली काळजी वीज टिकेल का आणि निरोप पोहोचतील का, हीच असते. म्हणून स्विचची, म्हणजे जोडण्या चालवणाऱ्या यंत्रांची, खोली पाहण्याची परवानगी मागितली. ती दुसऱ्या मजल्यावर आहे आणि बॅटरी सुमारे सहा तास चालते, असे तेथील मुलाने दाखवून दिले.

आता ज्या गोष्टीने मी अस्वस्थ आहे तिच्याकडे येतो. गेल्या पावसाळ्यात गल्लीतील फायबर तुटली, राऊटरच्या डब्यावरचा लाल दिवा लागला आणि तासाभरात तिघे जण शिडी घेऊन आले. त्यांतला एक तरुण ओल्या विजेच्या खांबावर हातमोजे आणि कमरेचा पट्टा न घालता चढला. मी खालून थांबवले तेव्हा तो म्हणाला, “पट्टा बांधला की हात मोकळा चालत नाही ओ, सर.” माझी जोडणी तासाभरात सुरू झाली, पण तिची किंमत कोण मोजत होते हे मला त्या दिवशी दिसले. माझी माहिती जपणारा व्यावसायिक आपल्या माणसांचा जीव जपत नसेल, तर त्याला चांगला म्हणता येणार नाही. मी मालकांना भेटून हे स्पष्ट शब्दांत सांगितले. त्यांनी वाद घातला नाही. महिन्याभरात दोन पट्टे, दोन हेल्मेट आणि हातमोजे आणले. माणसे तीन आहेत. तिसऱ्यासाठी ‘पुढच्या महिन्यात’ हे उत्तर मी आता चौथ्यांदा ऐकले आहे.

जुन्या राऊटरचीही एक बाब आहे. २०२२ चे ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले आणि अशा उपकरणांच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी उत्पादकावर आहे. बंद पडलेले डबे परत घेऊन पुढे द्यायची काहीतरी सोय सेवा पुरवणाऱ्याकडे असावी, ही माझी अपेक्षा होती. यांच्या कार्यालयाच्या जिन्याखाली मात्र अशा डब्यांचा ढीग पडून आहे, आणि तो भंगारवाल्याकडे जाईल अशी मला भीती वाटते.

तक्रारीला क्रमांक मिळतो का, हेही पाहिले. फोनवर मिळत नव्हता. ट्रायच्या २०१२ च्या नियमांनुसार तो द्यावा लागतो आणि निवारण न झाल्यास अपील प्राधिकाऱ्याकडे जाता येते, हे सांगितल्यावर आता एसएमएसने येतो. अपिलाची वेळ माझ्यावर आलेली नाही.

वर्षाचे पैसे एकदम भरले तर एक महिना मोफत मिळतो. या वेळी नूतनीकरणाला गेलो तेव्हा मी सहा महिन्यांचेच भरले आणि तो मोफत महिना सोडला. उरलेल्या सहा महिन्यांचे पैसे तिसऱ्या कामगाराच्या कमरेला पट्टा दिसल्यावर आणून देईन, असे मालकांना सांगून पावती घेतली.