दम्याची प्रश्नावली: काही महिने भरल्यानंतरचा अनुभव

पीक फ्लो मीटर, म्हणजे फुंकरीचा जोर मोजायची नळी, माझ्याकडे आधीपासून आहे. सकाळी फुंकायचं, आकडा वहीत लिहायचा. स्वतःच्या सर्वांत चांगल्या आकड्याच्या ८० टक्के किंवा जास्त असलं की हिरवा पट्टा, म्हणजे ठीक. माझा आकडा बहुतेक हिरव्यातच. पण चटणीच्या दिवसांत मिरची कुटायच्या डंकाची गल्ली टाळायची, पन्हाळ्याला जायचं म्हटलं की कारण काढायचं, घराबाहेर पडताना पर्समधला पंप पुन्हापुन्हा चाचपायचा. हे नळीत फुंकून कळत नाही.

छातीच्या डॉक्टरांनी मग जीवनमानाची, म्हणजे दम्यामुळे रोजचं जगणं किती अडतं हे विचारणारी, प्रश्नावली दिली. कॅनडातल्या एलिझाबेथ ज्युनिपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती तयार केली, प्रसिद्ध झाली १९९२ मध्ये. ३२ प्रश्न, सगळे मागच्या दोन आठवड्यांबद्दल. गुण १ ते ७, आणि ७ म्हणजे त्रास नाही. शेवटी सरासरी काढायची. ती ०.५ ने हलली तरी माणसाला फरक जाणवतो, असं धरतात.

मला सगळ्यात आवडलं ते हे, की मूळ प्रश्नावलीत दम्यामुळे अडणारी पाच कामं आपणच निवडायची. मी लिहिलं: जिना, रंकाळ्यावरची फेरी, झाडलोट, भाचीला कडेवर घेणं, पोटभर हसणं. हसताना खोकल्याची उबळ येते म्हणून मी हसू आवरते, हे त्याआधी कुणी विचारलंच नव्हतं.

औषध जवळ नसण्याची भीती किती, असाही एक प्रश्न आहे. तिथे माझे २ गुण होते. डॉक्टरांनी नेमकं तेच पाहिलं आणि दुसरा निळा (तातडीचा) पंप ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवायला सांगितला. पुढच्या वेळी तिथे ५ आले. फुंकण्याचा आकडा होता तिथेच होता!

अडचण दोन आठवड्यांच्या मुदतीची. दिवाळीनंतर आपल्याकडे ऊसतोड, गुऱ्हाळं, पेटवलेलं पाचट. श्रावणातल्या गुणांशी तेव्हाचे गुण कसे ताडायचे? म्हणून मी समासात लिहून ठेवते: 'पाचट पेटवलं', 'पाऊस', 'घरात रंगकाम'. डॉक्टर ते आधी वाचतात.

दर वेळी ३२ प्रश्न जड जातात. मधल्या काळात अस्थमा कंट्रोल टेस्ट भरते. पाच प्रश्न, मागचे चार आठवडे, २५ पैकी २० किंवा जास्त म्हणजे दमा आटोक्यात. रात्रीची जाग, पंपाचा वापर त्यात येतो. मनातली धास्ती येत नाही. तपासणीला जाण्याआधी मात्र मोठीच भरा, आणि घरच्यांना विचारून नको. माझ्या घरी सगळे म्हणतात, 'बरी आहे की!'